सीपॅपचा मास्क निवडताना आधी नाक बघा

प्रश्न असा आहे: वडील ६२ वर्षांचे. स्लीप स्टडीत तासाला ४१ वेळा श्वास अडकतो असं निघालं आणि सीपॅप, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन, १२ च्या प्रेशरवर (पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजलेल्या) सुरू झालं. ते तोंड उघडं टाकून झोपतात, म्हणून पहिल्याच दिवशी नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा फुल फेस मास्क हातात दिला गेला. तीन आठवडे झालेत. नाकाच्या दांडीवर लाल चट्टा उठलाय, सकाळी डोळे चुरचुरतात, आणि रात्री दोनच्या सुमाराला ते मास्क काढून उशाशी ठेवून देतात. आता नेझल मास्क (नुसत्या नाकावर बसणारा) घ्यावा, नेझल पिलो (नाकपुड्यांशी टेकणारा) घ्यावा की दुसऱ्या कंपनीचा फुल फेस? यातला सगळ्यात चांगला कोणता?

मी सतरा वर्षं स्लीप लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे, आणि माझा निम्मा वेळ लोकांच्या चेहऱ्यावर मास्क बसवण्यात जातो. माझं मत आधीच सांगून टाकते: वडिलांना नेझल मास्क लावून बघा, पण त्याआधी त्यांचं नाक तपासून घ्या. सगळ्यांना चालेल असा एकच मास्क कुठल्याही कंपनीकडे नाही. पण आधी काय करून बघायचं आणि नंतर काय, याला एक क्रम आहे, आणि बहुतेक ठिकाणी तो क्रम उलटा लावला जातो.

तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात जास्त खटकलं ते दोन वाजता मास्क काढणं. डोळे आणि चट्टा त्रास देतात हे खरंच, पण खरं नुकसान इथे होतंय. झोपेचा जो टप्पा स्वप्नांचा, ज्याला आम्ही रेम म्हणतो, तो रात्रीच्या पहिल्या भागात थोडाथोडाच येतो. पहाटेकडे तो लांबत जातो. त्या टप्प्यात अंगाचे स्नायू जवळजवळ पूर्ण सैल पडतात, घशाचेही पडतात. म्हणून पुष्कळ लोकांचे सर्वांत लांब श्वासरोध आणि ऑक्सिजनची सर्वांत मोठी घसरण पहाटे होते. वडील अकराला झोपत असतील तर मशीनवर तीन तास दिसतील, आणि उपचाराची सर्वांत जास्त गरज असलेले तास कोरडे जातील. कागदावर मात्र 'वापर चालू आहे' असंच दिसेल. म्हणून मास्क बदलायचा तो चेहऱ्यावर सकाळपर्यंत राहावा म्हणून. बाकी सगळं त्यानंतर.

आता नाकाचं. सीपॅप मुळात नाकासाठीच तयार झालं. कॉलिन सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये सिडनीहून हा उपचार पहिल्यांदा प्रसिद्ध केला, तेव्हा हवा नाकातूनच दिली होती. सुरुवातीचे मास्क तर प्रत्येकाच्या नाकाचा साचा घेऊन बनवायचे आणि रोज रात्री चिकटवून बसवायचे. नाकातून दाबाने हवा आत गेली की ती टाळूच्या मागच्या मऊ भागाला पुढे ढकलते. तो भाग जिभेला टेकतो, तोंडाकडची वाट आपोआप बंद होते, आणि मागे श्वासाची वाट मोकळी राहते. नाकामागे दाब जास्त, तोंडात बाहेरच्या हवेइतकाच. या फरकामुळेच टाळूचा तो मऊ भाग पुढे राहतो.

फुल फेस मास्कमध्ये नाकात आणि तोंडात एकच दाब येतो. तोंड उघडलं की तो फरक संपतो. टाळू पुढे सरकायला कारण उरत नाही आणि जीभही मागे पडू शकते. त्यात मास्कचा खालचा भाग हनुवटीवर बसलेला. पट्टे आवळले की जबडा मागे ढकलला जातो, म्हणजे ज्या वाटेसाठी एवढा खटाटोप चालला आहे ती वाट मास्कच अरुंद करतो. म्हणून फुल फेसवर पुष्कळ लोकांना जास्त प्रेशर लागतं, लीक जास्त होतं, तासाला अडकणाऱ्या श्वासांचा उरलेला आकडा थोडा वर राहतो, आणि लोक मशीन कमी वेळ वापरतात. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांचा कलही आधी नाकाचा किंवा नाकपुड्यांचा मास्क द्यावा असाच आहे.

'पण ते तोंडाने श्वास घेतात ना!' हे वाक्य मी आठवड्यातून चार वेळा ऐकते. तोंड उघडं का पडतं हे आधी बघावं लागतं. काहींचा घसा बंद पडतो म्हणून ते तोंड उघडून हवा खेचतात. रात्रभर गुदमरणारा माणूस तोंड मिटून कसा झोपेल? अशांना नाकातून योग्य प्रेशर मिळालं की घसा उघडा राहतो आणि तोंड आपोआप मिटायला लागतं, कधी पहिल्या रात्री, कधी दोन-तीन आठवड्यांनी. काहींचं नाकच बंद असतं: हाड वाकडं, आतली सूज, ॲलर्जी, पॉलिप (नाकात वाढलेला मऊ गोळा). त्यांच्या नाकावर उपचार न करता फुल फेस देणं म्हणजे खिडकी उघडत नाही म्हणून भिंत फोडण्यासारखं आहे. आणि काही थोडे लोक खरोखरच असे असतात की नाक मोकळं, प्रेशर बरोबर, तरी तोंड उघडतंच. फुल फेस आहे तो यांच्यासाठी.

पहिल्या काही वर्षांत मीही ज्याने 'तोंड उघडं पडतं' म्हटलं त्याला सरळ फुल फेस देत असे. सुरक्षित वाटायचं, दोन्ही वाटा झाकल्या जातात. एका शिक्षकांना मी तसाच दिला होता. सहा महिन्यांनी ते मशीन परत करायला आले. पिशवी माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, 'माझ्याकडून नाही होत हे.' त्यांच्या नाकाच्या दांडीवर डाग पडून काळपट झाला होता. मी त्यांना बसवलं, तोंड मिटून पाच मिनिटं नाकाने श्वास घ्यायला लावला, आणि त्यांनी तो अगदी आरामात घेतला. ही पाच मिनिटं मी सहा महिन्यांपूर्वी घालवायला हवी होती. तेव्हापासून ही तपासणी केल्याशिवाय मी मास्कचा डबा उघडत नाही.

तुम्ही घरी हेच करा. वडिलांना आधी बसवून, मग उताणं झोपवून, तोंड मिटून पाच-पाच मिनिटं नाकाने श्वास घ्यायला सांगा. झोपूनही बघायचं कारण आडवं झाल्यावर नाकातल्या रक्तवाहिन्या भरतात आणि बसल्यावर मोकळं असलेलं नाक चोंदतं. मग एकेक नाकपुडी बोटाने अलगद बंद करून दुसरीतून हवा किती येते ते बघा. एक बाजू कायम बंदच असेल, किंवा पाच मिनिटांत त्यांना तोंड उघडावं लागलं, तर मास्कच्या दुकानात जाण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. साध्या खारट पाण्याच्या फवाऱ्याने, डॉक्टरांनी दिलेल्या स्टेरॉइड स्प्रेने पुष्कळांचं काम होतं, पण स्प्रेचा गुण यायला एक-दोन आठवडे लागतात आणि तो रोज मारावा लागतो. नाक लगेच मोकळं करणारे थेंब मात्र सलग काही दिवसांपेक्षा जास्त वापरू नका. ते सोडले की नाक पहिल्यापेक्षा जास्त चोंदतं आणि मग सुटत नाहीत.

आता एकेक मास्क.

नेझल मास्क नाकावर त्रिकोणासारखा बसतो. वरचं टोक नाकाच्या दांडीवर, खालची कड नाकपुड्या आणि वरच्या ओठाच्या मध्ये. जास्त प्रेशर असणाऱ्यांना, झोपेत कूस बदलणाऱ्यांना आणि नवख्यांना मी बहुधा यानेच सुरुवात करते. हवा नाकाभोवती पसरते, एका जागी धार लागत नाही. याचाच एक नवा प्रकार नाकाच्या खालून पाळण्यासारखा बसतो आणि दांडीला अजिबात शिवत नाही. तुमच्या वडिलांच्या चट्ट्यासाठी तो विशेष सोयीचा.

नेझल पिलो म्हणजे नाकपुड्यांच्या तोंडाशी टेकणाऱ्या दोन मऊ सिलिकॉनच्या टोप्या. चेहऱ्यावर सर्वांत कमी पसारा याचा. चष्मा लावून वाचता येतं, दाढी-मिशी असली तरी चालतं, बंदिस्त वाटणाऱ्यांना हा सोसतो. पण हवेची धार थेट नाकपुडीत जाते. काहींना ती टोचते, नाकपुडीची कड सोलवटते, नाक लवकर कोरडं पडतं. १२ च्या वर प्रेशर असेल तर पिलो चालत नाही असं अजूनही सांगितलं जातं. तसा नियम नाही. माझ्याकडे १५ वर पिलो लावून शांत झोपणारे लोक आहेत आणि ८ वर तो न सोसणारेही आहेत. दोन रात्री लावून बघितल्याशिवाय कळत नाही.

फुल फेस नाक आणि तोंड दोन्ही झाकतो. त्यातही आता दोन तऱ्हा आहेत. जुनी तऱ्हा दांडीवर टेकते, नवी नाकाखालून धरते आणि तोंड झाकते. फुल फेस घ्यायचाच झाला तर वडिलांना दुसरी तऱ्हा द्या. चट्टा पडायला दांडीवर काही उरतच नाही, आणि डोळ्यांकडे जाणारी हवाही थांबते, कारण डोळ्यांत हवा बहुधा दांडीच्या दोन्ही बाजूंच्या फटींतून जाते. फुल फेसबद्दल एक गोष्ट कुठल्याही परिस्थितीत विसरू नका: ज्या माणसाला स्वतःच्या हाताने मास्क काढता येत नाही, त्याला तो लावू नये. पक्षाघातानंतर हात चालत नसेल, झोपेचं औषध जड असेल, उलटीचा त्रास असेल, तर उलटी मास्कमध्ये होऊन श्वासनलिकेत जाऊ शकते.

संपूर्ण चेहरा झाकणारा मास्कही असतो, कपाळापासून हनुवटीपर्यंत. नाकावर जखम असणाऱ्यांना किंवा हॉस्पिटलमध्ये बायपॅपवर (श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब देणाऱ्या मशीनवर) असणाऱ्यांना तो कधी कधी उपयोगी पडतो. तुमच्यासाठी त्याचा विचार नको.

माझ्या मते सगळ्यात जास्त चुका होतात त्या मास्क बसवताना. महागडा मास्क चुकीच्या मापाचा असला तर साध्या मास्कपेक्षा वाईट. आणि लोक माप घेतात ते बसून, मशीन बंद ठेवून, आरशात बघून. झोपल्यावर गाल मागे सरकतात, जबडा सैल पडतो, चेहऱ्याचा आकारच बदलतो. मी काय करते ते सांगते, घरी तसंच करा.

आधी चेहरा धुवा. कातडीवरचं तेल आणि रात्रीचं क्रीम सिलिकॉनला धरू देत नाही, आणि क्रीममुळे कुशन, म्हणजे मास्कचा चेहऱ्याला टेकणारा मऊ भाग, लवकर खराबही होतं. मग वडिलांना ते नेहमी झोपतात तसं झोपवा, त्यांच्याच उशीवर. कवळी रात्री काढत असतील तर काढूनच. एका आजींचा मास्क माझ्यासमोर दिवसा अगदी चपखल बसायचा आणि घरी रोज रात्री फुसफुसायचा. दोन भेटींनंतर उलगडा झाला: माझ्याकडे येताना त्या कवळी घालून यायच्या. कवळी निघाली की वरचा ओठ आत जातो, गाल बसतात आणि मास्कच्या कडेखाली बोटभर फट पडते. लहान मापाचं कुशन दिलं आणि फुसफुस थांबली.

पट्टे सगळे सैल करा. मशीन चालू करा आणि प्रेशर नेहमीच्या आकड्याला जाऊ द्या. पुष्कळ मशीनवर मास्क फिट नावाची सोय असते, तिने रॅम्प (प्रेशर हळूहळू चढवण्याची सोय) न लावता लगेच प्रेशर येतं. मग मास्क चेहऱ्यापासून किंचित उचलून परत टेकवा. कुशनला आत एक पातळ पापुद्रा असतो. हवा भरली की तो फुगतो आणि कातडीला स्वतःच चिकटतो. हवा अडवायचं काम त्या पापुद्र्याचं आहे, पट्ट्यांनी फक्त मास्क जागेवर धरायचा. लोक लीक झालं की पट्टा ओढतात. त्याने पापुद्रा चेपतो, मास्क आणखी गळतो, म्हणून आणखी ओढतात. वडिलांच्या दांडीवरचा चट्टा माझ्या अंदाजाने असाच आला असणार. पट्ट्याखाली एक बोट सहज सरकलं पाहिजे. सकाळी गालावर उठलेली खूण अर्ध्या तासात गेली तर ठीक, दुपारपर्यंत राहिली तर पट्टा घट्ट आहे.

आता त्यांना डावीकडे, उजवीकडे, परत उताणं वळवा. प्रत्येक वेळी ओला तळहात मास्कच्या कडेने फिरवा. ओल्या हाताला बारीक झुळूकही लगेच कळते. नळी कुठे जाते तेही बघा. ती पलंगाच्या कडेवरून खाली लटकत असेल तर प्रत्येक कुशीला मास्क तिरका ओढला जातो. डोक्याच्या वरून नळी नेली, उशामागे अडकवली, की अर्ध्या तक्रारी मिटतात. डोक्यावरच नळी जोडायचे मास्कही मिळतात, कूस बदलणाऱ्यांना ते बरे पडतात.

मापाची एक खूण सांगते. नेझल मास्क मोठा घेण्याकडे लोकांचा कल असतो, मोकळा वाटेल म्हणून. पण नाकपुड्या न दाबता जे सर्वांत लहान माप बसतं, तेच बहुधा बरोबर असतं. मोठ्या मास्कची वरची कड डोळ्यांच्या कोपऱ्यांकडे चढते आणि हवा थेट बुबुळावर येते. फुल फेसचं माप तोंड किंचित उघडं ठेवून घ्यायचं, दांडीपासून खालच्या ओठाखालच्या खळीपर्यंत. मिटलेल्या तोंडावर माप घेतलं तर जबडा खाली आल्यावर खालची कड ओठावर येते.

काही वेळा लोक मास्कवरची बारीक छिद्रं बोटाने झाकून 'इथून गळतंय' म्हणतात. ती छिद्रं मुद्दाम ठेवलेली आहेत. सोडलेला कार्बन डायऑक्साइड तिथूनच बाहेर जातो. १० च्या प्रेशरला पुष्कळ मास्कमधून मिनिटाला साधारण ३० लिटर हवा अशी जाणूनबुजून सुटते, आणि मशीनला ते माहीत असतं. त्यांच्यावर टेप लावू नका. फुल फेसला याखेरीज एक झडप असते, वीज गेली तर ती उघडते आणि बाहेरची हवा आत येते. ती धुताना निघाली तर बसवल्याशिवाय मास्क वापरू नका. हॉस्पिटलमध्ये छिद्रं नसलेले मास्क असतात, ते वेगळ्या यंत्रांसाठी आणि वेगळ्या नळ्यांसाठी. असा मास्क घरच्या सीपॅपला जोडला तर माणूस स्वतःचाच सोडलेला श्वास परत घेत राहतो. कुणी 'हॉस्पिटलमधला नवाकोरा आहे, घ्या' म्हणून दिला तरी घेऊ नका.

लीकचा आकडा वाचतानाही जपून. रेसमेड या कंपनीची मशीन ही जाणूनबुजून सुटणारी हवा वजा करून फक्त जादाची गळती दाखवते. तिच्या बाबतीत मिनिटाला २४ लिटरच्या वर गेलं की मास्ककडे बघायचं. काही कंपन्या एकूण हवा दाखवतात, तिथे तोच आकडा अगदी सामान्य असू शकतो. दोन मशीनचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका. मशीनमध्ये मास्कचा प्रकार निवडायची सोय असेल तर मास्क बदलल्यावर ती बदला, नाहीतर ही वजाबाकीच चुकते. आणि मास्कचा प्रकार बदलला की प्रेशर पुन्हा तपासावं लागतं. फुल फेसवर १२ लागत असेल तर नाकाच्या मास्कवर ते कमीही लागू शकतं. हे डॉक्टरांना सांगून करायचं, आपण आकडा फिरवायचा नाही. उरलेला आकडा, म्हणजे तासाला अजून किती वेळा श्वास अडकतो तो, ५ च्या खाली राहिला पाहिजे.

नाकाच्या मास्कवर गेल्यावर पहिल्या काही रात्री तोंडातून हवा सुटेल, घाबरू नका. तोंडातून हवा सतत बाहेर जात राहिली तर नाकातून हवा एकाच दिशेने वाहते, परतीच्या श्वासाचा ओलावा नाकाला मिळत नाही, नाक कोरडं पडून सुजतं, आणि सुजलेल्या नाकामुळे तोंड आणखी उघडतं. हे चक्र तोडायला गरम ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत ओलावा मिसळणारा मशीनचा भाग, लागतो. तो असेल तर एक-एक पायरी वाढवा. नळीत पाणी साचून गुळगुळ आवाज यायला लागला तर एक पायरी कमी करा किंवा तापणारी नळी लावा. हनुवटीचा पट्टा काहींना उपयोगी पडतो, पण मी त्यावर फारसा भरवसा ठेवत नाही. तो जबडा वर उचलण्याऐवजी मागे ओढत असेल तर उपायापेक्षा अपाय जास्त. ओठांवर टेप लावण्याचं सध्या फार चाललंय. नाक रात्री चोंदू शकतं, उलटी होऊ शकते. डॉक्टरांनी नाक बघून परवानगी दिल्याशिवाय ते करू नका. महिनाभर सगळं नीट करूनही तोंडातली गळती थांबली नाही, तर नाकाखालून बसणारा फुल फेस द्या, आणि त्यात अपयश मानू नका.

हे विचारून घ्या: वडिलांना, किंवा त्यांच्या शेजारी झोपणाऱ्या आईला, पेसमेकर, डिफिब्रिलेटर, मेंदूतली धातूची क्लिप, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट किंवा असं काही बसवलेलं आहे का? पुष्कळ मास्कच्या पट्ट्यांना चुंबकाची बटणं असतात. असे मास्क अशा उपकरणांपासून किमान १५ सेंटिमीटर लांब ठेवायला कंपन्या स्वतः सांगतात. फिलिप्सने २०२२ मध्ये आणि रेसमेडने २०२३ मध्ये तशा सूचना काढल्या. आई अशा उपकरणासह त्याच पलंगावर झोपत असेल तर हा नियम तिच्यासाठीही आहे. साध्या हुकाचे मास्क सगळ्या प्रकारांत मिळतात.

लहान मुलाच्या बाबतीत यातलं काहीही स्वतः ठरवू नका. वाढत्या चेहऱ्यावर वर्षानुवर्षं मास्कचा दाब राहिला तर चेहऱ्याच्या मधल्या भागाची वाढ मागे पडू शकते. मुलांचा मास्क आणि चेहरा ठराविक काळाने तज्ज्ञांनी बघावा लागतो.

मास्क रोज सकाळी कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवा, सावलीत वाळवा. स्पिरिट, ब्लीच, उकळतं पाणी नको. ओझोनने साफ करणारी यंत्रं मला पसंत नाहीत, धुण्याचं काम पाणी-साबण करतंच. कुशन पिवळट, टणक किंवा कडेला सुरकुतलेलं झालं की बदला. कुशन झिजल्यावर लोक पट्टे आवळत राहतात आणि दोष मास्कच्या प्रकाराला देतात.

वडील मास्क का काढतात हे त्यांना सकाळी चहाच्या वेळी न चिडता विचारा. काढला कधी हे आठवत नाही म्हणाले, तर झोपेत काढतायत, म्हणजे लीक, कोरडेपणा किंवा अपुरं प्रेशर त्यांना अस्वस्थ करतंय. 'जीव कोंडतो' म्हणाले तर भीती आहे, आणि तिच्यावर दिवसाच काम करायचं. मशीन न जोडता नुसता मास्क हाताने नाकावर धरून पाच मिनिटं. मग पट्टे लावून टीव्ही बघताना वीस मिनिटं. मग मशीन कमी प्रेशरवर चालू ठेवून वाचत बसणं. पुढे दुपारची डुलकी. प्रत्येक पायरी कंटाळा येईपर्यंत करायची, भीतीची जागा कंटाळ्याने घेतली की पुढे जायचं. घाई केली तर मागे यावं लागतं.

तर तुमच्यासाठी क्रम असा. दांडीवरची कातडी नुसती लाल आहे की उघडी पडली आहे ते आज बघा. उघडी पडली असेल, पाणी किंवा पू येत असेल, तर हा मास्क आजपासून बंद, आणि डॉक्टरांना आजच कळवा. एवढा जास्त आकडा असलेल्या माणसाने आठवडाभर उपचाराशिवाय झोपणं बरं नाही, म्हणून त्यांच्या परवानगीने पिलो किंवा नाकाखालून बसणारा नेझल मास्क लगेच लावता येतो का ते विचारा. नुसती लाल असेल तर पट्टे सैल करून, वर सांगितलं तसं झोपवून पुन्हा बसवा आणि नाकाची तपासणी करून घ्या. नाक मोकळं निघालं तर नाकाखालून बसणारा नेझल मास्क, दोन मापांची कुशन्स मिळाली तर उत्तम, आणि विकणाऱ्याकडून बदलून मिळण्याची मुदत आधीच लिहून घ्या. त्यानंतर रोज सकाळी वहीत दोनच गोष्टी लिहा, मशीनवरचा लीकचा आकडा आणि त्यांनी मास्क किती वाजता काढला ते. दोनाचे साडेतीन झाले, साडेतीनाचे पाच झाले, की ती वही घेऊन प्रेशर तपासायला डॉक्टरांकडे जा.